भरवशाची गाडी



साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत मोटारगाडी कुठून आली, असे काहींना वाटले असेल. मला तसे वाटत नाही. आपल्या जोयडा तालुक्यात चार माणसे ओट्यावर बसली की आधी पावसावर बोलणे होते, मग रस्त्यावर, आणि रस्त्यावरून ते गाडीवर येते. गेली काही वर्षे त्या बोलण्यात एक वाद हमखास निघतो. घरात नवी गाडी घ्यायची आहे. मुलाने हुबळीच्या शोरूममध्ये जाऊन एक पसंत केली आहे. तिला मोठा पडदा आहे, कॅमेरे आहेत, समोर काही आले तर ती म्हणे आपण होऊन ब्रेक लावते. आजोबा म्हणतात, "ते सगळे ठीक आहे रे, पण अणशी घाटात रुसली तर तिची समजूत कोण काढणार? त्यापेक्षा जुनी जीप बरी. चार पाने जवळ असले की घरी येते." मुलगा हसतो. वाद तिथेच राहतो आणि गाडी मुलाच्या मनासारखी येते. आजोबांना हवी तशी गाडी आता कोणी बनवतच नाही, हे त्याचे मुख्य कारण.

या वादात दोघेही खरे बोलत आहेत आणि दोघांचेही अर्धेच खरे आहे. म्हणून तो हसण्यावारी न नेता जरा आत शिरून पाहू या.

आजोबांच्या जीपपासून सुरुवात करू. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. युद्धासाठी बनलेली गाडी. तिच्यात शोभेचे काही नव्हते आणि म्हणूनच ती आपल्या रानात टिकली. लाकडाचे डेपो, मँगनीजच्या खाणी, पुढे काळी नदीवरचे सुपा धरण, या कामांबरोबर जीप आणि ट्रक आले आणि त्यांच्यामागून ड्रायव्हर, क्लीनर, फिटर, मिस्त्री आले. जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, माणसे रामनगरला वसली, तालुका सुप्याचा जोयड्याचा झाला. पण उळवीच्या जत्रेला, दांडेलीच्या बाजाराला किंवा अडलेल्या बाईला घेऊन कारवारला जाणारी गाडी बरीच वर्षे जीपच होती. आठांच्या जागी चौदा माणसे, टपावर पोती, आणि मागच्या फळीवर उभा राहून पोरगा.

त्या गाडीवर विश्वास का बसला, हे तिच्या इंजिनात पाहिले तर कळते. जुने डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरज उरत नसे. हवा आत घ्यायची, ती इतकी दाबायची की तापून लाल व्हावी, आणि त्या तापल्या हवेत पंपाने डिझेलची बारीक पिचकारी मारायची. ठिणगी नाही, प्लग नाही. बॅटरी मेली तर उतारावर ढकलायची आणि गिअर टाकायचा. काही गाड्यांत तर इंजिन बंद करायलाही किल्ली पुरत नसे, दांडी ओढून डिझेल तोडावे लागे. म्हणजे गाडीचा स्वभाव चालत राहण्याचा. थांबवायची तर तिला सांगावे लागे.

तिचे आजारही ओळखीचे होते. काळा धूर आला तर डिझेल जास्त होते आहे किंवा हवा कमी पडते आहे, एअर फिल्टर झटकून पाहा. निळा धूर आला तर ऑइल जळते आहे, खर्च मोठा आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबेना तर डिझेल नीट जळत नाही, नाहीतर आत पाणी जाते आहे. डिझेल संपून गाडी थांबली तर नळीत हवा धरते. मग फिल्टरवरचा हातपंप मारायचा, नट सैल करायचा, आधी फेस येतो, मग सलग धार येते, धार आली की नट आवळायचा. याला आपल्याकडे एअर काढणे म्हणतात. हे काम मिस्त्री करी, ड्रायव्हर करी, आणि दोन वेळा पाहिलेला क्लीनरचा पोरगाही करी. यात कुठले पुस्तक नव्हते. कान, नाक, डोळे आणि बोटे एवढेच हत्यार. भाषाही आपलीच होती, थोडी मराठी, थोडी कोकणी, थोडी कन्नड आणि मोडके इंग्रजी. वॉशरचा वायसर झाला तो याच भाषेत, आणि त्याला वायसर म्हणणाऱ्याला तो कुठे बसतो हे पक्के ठाऊक होते.

तेव्हा आजोबा जीपवर भरवसा टाकतात असे आपण म्हणतो, पण तो भरवसा निम्मा लोखंडावर होता आणि निम्मा रामनगरच्या किंवा जोयड्याच्या एका मिस्त्रीवर होता. गाडी बिघडायची हे सगळ्यांना माहीत होते. बिघडल्यावर विचारायला माणूस होता आणि त्या माणसाला गाडी उघडता येत होती.

आता आजोबांनी न सांगितलेली बाजू. ती सांगितलीच पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान म्हणजे जुन्या दिवसांची आरती होईल.

ती साधी गाडी माणसे मारत होती. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबून चालवली की जुन्या ड्रम ब्रेकचा डबा तापतो, लायनर धरेनासा होतो आणि पायाखाली ब्रेक असून नसल्यासारखा होतो. अनमोडच्या उतारावर "गिअरमध्ये उतर" असे जुने ड्रायव्हर नव्याला सांगत, ते उगीच नव्हे. खूप जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला एकच तेलाची नळी असे; ती एका जागी फुटली की चारही चाके मोकळी. पट्टे नव्हते. समोरून धडक बसली की स्टिअरिंगची दांडी सरळ छातीत. यंत्र साधे होते म्हणून ते दयाळू होते, असे नाही.

आणि ही फार जुनी गोष्टही नाही. २०१४च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक-चाचण्या जाहीर केल्या: मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. पाचांनाही मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्या चाचण्यांनंतर आपल्याकडे हळूहळू नियम आले. एप्रिल २०१९पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले, त्याच वर्षी जुलैपासून ड्रायव्हरसमोर एअरबॅग, पट्टा न लावल्यास वाजणारी घंटा आणि ८० किलोमीटरच्या वर गेल्यास टोकणारी पिपाणी आली. ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. तरीही केंद्र सरकारच्याच आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिक मृत्यूंच्या पुढे कारण म्हणून अतिवेग लिहिलेला आहे. म्हणजे यंत्राच्या आधी माणूसच चुकतो. ही नातवाची बाजू, आणि ती भक्कम आहे.

एबीएस म्हणजे काय ते मात्र नीट समजून घेऊ, कारण माझा पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबला की चाक फिरायचे थांबते आणि गाडी घसरू लागते. घसरणाऱ्या चाकाला दिशा नसते. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ दरीकडे जाते. एबीएसमध्ये प्रत्येक चाकाजवळ एक संवेदक असतो. चाक अडकते आहे असे दिसताच संगणक त्या चाकाचा दाब क्षणभर सोडतो, पुन्हा लावतो, पुन्हा सोडतो, सेकंदात कित्येक वेळा. पायाला पेडलची थरथर जाणवते ती हीच. चाक फिरत राहते म्हणून गाडी वळवता येते. जर्मनीच्या बॉशने १९७८ साली हे मर्सिडीझच्या गाडीत आणले. हे काम जगातला कुठलाही ड्रायव्हर पायाने करू शकणार नाही. आपल्या मातीच्या, सुट्या खडीच्या रस्त्यावर एबीएस असलेली गाडी थांबायला कधी कधी थोडे जास्त अंतर घेते, हेही खरे आहे, कारण अडकलेल्या चाकापुढे खडीचा जो ढीग साचून गाडीला अडवतो तो इथे साचत नाही. तेवढे ध्यानात ठेवून अंतर राखावे.

पण मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. एबीएसचा संगणक बंद पडला तर काय होते? पिवळा दिवा लागतो आणि ब्रेक जुन्या गाडीसारखा लागतो. पायापासून चाकापर्यंतची तेलाची वाट तशीच शाबूत असते. संगणक त्या वाटेत मध्ये बसलेला आहे, त्याने ती तोडलेली नाही. तो गेला की तुम्ही तुमच्या आजोबांच्या गाडीत येता. यापेक्षा वाईट काही होत नाही.

बिघडल्यावर यंत्र कोणत्या बाजूला पडते, हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. कॅसलरॉकला जा. तिथून कुळ्याकडे उतरणारी रेल्वे पोर्तुगीज काळात, १८८०नंतरच्या दशकात बांधली गेली. दूधसागरजवळून जाणारी हीच ती वाट. चढ ३७ फुटांना एक फूट. रेल्वेच्या मानाने तो भयंकर आहे. चढताना मागून धक्का द्यायला जादा इंजिने लावावी लागतात. असल्या उतारावर शेकडो टन वजन खाली सोडायचे ते कशाच्या भरवशावर? ब्रेकच्या. आणि तो ब्रेक उलटा विचार करून बनवलेला आहे. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ साली आणलेल्या रचनेत गाडीभर फिरणाऱ्या नळीतला हवेचा दाब ब्रेक लावण्यासाठी वापरलेला नाही, तो ब्रेक सोडून धरण्यासाठी वापरलेला आहे. नळी फुटली, डबा तुटून सुटा झाला, की दाब जातो आणि ब्रेक आपोआप लागतात. आपल्याकडे अनेक वर्षे चाललेल्या व्हॅक्यूम ब्रेकचे तत्त्वही हेच होते. आजच्या मोठ्या ट्रकांनाही मागे असाच स्प्रिंगचा ब्रेक असतो. हवेचा दाब भरेपर्यंत ट्रक जागचा हलत नाही, म्हणून सकाळी लाकडाचे ट्रक उभ्या उभ्या गुरगुरत असतात. यात संगणक कुठेच नाही, पण विचार आहे. ज्याने तो ब्रेक बनवला त्याने आधी स्वतःला विचारले, हे मोडेल तेव्हा काय होईल?

हा प्रश्न विचारला नाही की काय होते, त्याचे अलीकडचे उदाहरण विमानाचे आहे. बोईंगच्या ७३७ मॅक्स विमानात एक संगणकी व्यवस्था बसवली होती. विमानाचे नाक फार वर जाते आहे असे तिला वाटले की ती ते खाली ढकलायची. वाटायचे कशावरून? नाकाजवळच्या एका संवेदकावरून. विमानाला असे दोन संवेदक होते, पण व्यवस्था एका वेळी एकाचेच ऐकायची. तो एक बिघडला की विमान वर जात असतानाही संगणक पुन्हा पुन्हा नाक खाली दाबणार. आणि अशी काही व्यवस्था विमानात आहे, हे वैमानिकांना दिलेल्या पुस्तिकेत सांगितलेच नव्हते. ऑक्टोबर २०१८मध्ये इंडोनेशियात १८९ आणि मार्च २०१९मध्ये इथिओपियात १५७ माणसे गेली. विमाने दीड वर्षाहून अधिक काळ जमिनीवर ठेवावी लागली. दुरुस्ती काय केली? दोन्ही संवेदकांचे ऐकायचे आणि दोघांचे पटले नाही तर संगणकाने गप्प बसायचे. ही दुरुस्ती कुठल्याही घरातल्या शहाण्या बाईने सुचवली असती. भांडणाऱ्या दोन पोरांपैकी एकाचेच ऐकून निवाडा करत नाहीत.

मोटारींतही असे एक प्रकरण गाजले. २००९-१०च्या सुमारास अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप सुसाट सुटतात अशा तक्रारी आल्या. लोकांनी संगणकाला धरले. नासाच्या अभियंत्यांनी दहा महिने तपास केला आणि २०११ साली सांगितले, की गाडी सुसाट सुटावी असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. पायपोस पेडलवर अडकणे आणि पेडल चिकटणे ही कारणे सापडली. पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१३ साली ओक्लाहोमातल्या एका खटल्यात तज्ज्ञाने कंपनीचा प्रोग्रॅम स्वतः वाचून त्यात गंभीर उणिवा दाखवल्या आणि ज्युरीने कंपनीविरुद्ध निकाल दिला. पुढच्या वर्षी, पेडलांविषयी ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल कंपनीने अमेरिकन सरकारला १२० कोटी डॉलर भरायचे कबूल केले. मला यात बोचते ते हे, की एवढे मोठे लोक एकाच गाडीकडे पाहून दोन निष्कर्षांवर आले. जीपची तार अडकली तर मिस्त्री बॉनेट उघडून ती दाखवू शकत होता. प्रोग्रॅम अडकला तर तो दाखवायला न्यायालयाचा हुकूम लागतो.

आजच्या गाडीत ॲक्सिलरेटरच्या पेडलाला तार नसते, दोन संवेदक असतात. दोघांचे पटले नाही की इंजिन आपली ताकद कमी करून घेते आणि गाडी रखडत चालते. गॅरेजवाले म्हणतात, गाडी लंगडी झाली. पुष्कळांना वाटते गाडीने दगा दिला. खरे तर तिने वेस्टिंगहाउसच्या ब्रेकसारखेच केले, शंका आली म्हणून हळू झाली. ही व्यवस्था चांगली आहे. इथपर्यंत मी नातवाच्या बाजूचा आहे.

इथून पुढे मात्र आपला तालुका मध्ये येतो.

हळू होणे किंवा थांबणे ही सुरक्षित बाजू, असे गाडी बनवणाऱ्याने ठरवले. त्याच्या डोळ्यांसमोर कुठला रस्ता होता? जिथे फोन लागतो, मदतीची गाडी तासाभरात येते आणि रात्री थांबले तर पोलीस चौकशी करतो, असा. आपल्याकडे कुंभारवाड्याच्या पुढे काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान सुरू होते, फोनला रेंज नसते, आषाढात दरड येते, आणि मागच्या सीटवर कळा सुरू झालेली बाई असते. तिथे थांबणे ही सुरक्षित बाजू नव्हे. तिथे जुन्या गाडीचा, धूर सोडत का होईना पण चालत राहण्याचा स्वभाव सुरक्षित. यंत्राने कुठे हार मानावी हे जागेवर अवलंबून असते आणि ती जागा ठरवताना जोयडा कोणाच्या नकाशावर नव्हता.

याची रोजची उदाहरणे नव्या डिझेल गाड्यांत आहेत. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ नियम आले. हवा स्वच्छ राहावी हा त्यांचा हेतू योग्यच आहे. त्यावर वाद नाही. त्यासाठी धुराच्या नळीत काजळी धरणारी एक गाळणी बसवतात. ती भरली की धूर खूप तापवून काजळी जाळावी लागते, आणि त्यासाठी गाडी बराच वेळ चांगल्या वेगाने चालावी लागते. दहा किलोमीटर हळू जायचे, थांबायचे, परत यायचे, अशा चालवण्यात ती तुंबते. मग दिवा लागतो आणि पुस्तिका सांगते, की गाडी पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने पळवा. जोयड्याहून अणशीपर्यंत एकसारख्या वेगाने गेलेला मनुष्य मला कोणी दाखवावा, मी त्याचा सत्कार करीन! ट्रकांना आणि मोठ्या गाड्यांना त्याशिवाय एक पातळ द्रव घालावा लागतो. ट्रकवाले त्याला सरळ युरिया म्हणतात. तो संपला तर आधी सूचना येते, मग इंजिनाची ताकद कमी होते, आणि काही गाड्या बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाहीत. टाकीत डिझेल आहे, इंजिन ठणठणीत आहे, पण गाडी चालणार नाही, कारण कायदा तिच्या आत लिहून ठेवला आहे.

आणि मिस्त्री? तो यात हात घालू शकत नाही. जुन्या पंपाची नळी सैल करून एअर काढता येत होती. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. चालू इंजिनाची ती नळी सैल करणाऱ्याच्या हातात डिझेल कातडी फाडून घुसेल. तिथे पान्याचे काम नाही, स्कॅनरचे आहे. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असते, त्यात स्कॅनर लावला की गाडी आपला आजार एका अक्षराच्या आणि चार आकड्यांच्या खुणेत सांगते. स्वस्त स्कॅनर खूण वाचतो. पण नवा भाग बसवल्यावर त्याची गाडीच्या संगणकाशी ओळख करून द्यायची असेल तर अनेकदा कंपनीचे यंत्र लागते, आणि ते कंपनीच्या वर्कशॉपात असते. म्हणजे बेळगाव, नाहीतर हुबळी, नाहीतर कारवार.

ही अडचण फक्त आपली आहे, असे समजू नका. २०१४च्या ऑगस्टमध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कशाबद्दल? सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रे त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, याबद्दल. ती खुल्या बाजारात द्या, असा हुकूमही दिला. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली कायदाच केला, की कंपनीच्या वर्कशॉपला मिळते ती माहिती बाहेरच्या मिस्त्रीलाही मिळाली पाहिजे. २०२० साली तिथल्या मतदारांनी बिनतारी संदेशाने कंपनीकडे जाणाऱ्या माहितीलाही तेच लागू केले. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणे, शेतीची अवजारे यांच्याबरोबर मोटारीही आहेत. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. पण दुरुस्तीचा हक्क हा शब्द सरकारी कागदावर आला हेही थोडे नाही. संगणकावर विश्वास ठेवावा का, या प्रश्नाचे माझे उत्तर या शब्दात आहे. जो उघडता येतो आणि ज्याला आपला माणूस प्रश्न विचारू शकतो, त्या संगणकावर ठेवावा.

गुप्त ठेवलेला प्रोग्रॅम काय करू शकतो हे २०१५ साली जगाने दोनदा पाहिले. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतला प्रोग्रॅम तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करत होता; रस्त्यावर आल्यावर सोडून देत होता. अशा एक कोटीहून अधिक गाड्या निघाल्या. त्याच वर्षी अमेरिकेत चार्ली मिलर आणि क्रिस व्हालासेक या दोघांनी घरी बसून, हमरस्त्यावर धावणारी एक जीप चेरोकी इंटरनेटवरून ठप्प करून दाखवली. कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी बोलवाव्या लागल्या. आजोबांची जीप आणि ही जीप, नाव एकच. आमच्या जीपचे इंजिन बंद पाडायला निदान तिच्यापर्यंत चालत जावे लागत होते.

आता आपण होऊन ब्रेक लावणाऱ्या आणि रेषेत राहणाऱ्या गाडीविषयी थोडे. २०२१च्या महिंद्रा एक्सयूव्ही ७००पासून ही सोय बऱ्याच घरांच्या आवाक्यात आली. समोरच्या काचेमागे कॅमेरा, पुढे रडार. हमरस्त्यावर झोपेची डुलकी लागणाऱ्याला ती वाचवील, यात शंका नाही. पण रेषेत राहायला रेषा लागते. आपल्या आतल्या रस्त्यांवर पांढरी रेषा ही निवडणुकीच्या वर्षी दिसणारी गोष्ट आहे, आणि अनमोडच्या धुक्यात तीही दिसत नाही. शिवाय कॅमेऱ्याला जे शिकवले तेच तो ओळखतो. मार्च २०१८मध्ये अमेरिकेत ॲरिझोनात उबरच्या चाचणीच्या गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला ठार केले. ती गाडीला दिसली नव्हती असे नाही. धडकेच्या साडेपाच सेकंद आधी दिसली होती. पण ही काय वस्तू आहे याविषयी संगणकाचे मत बदलत राहिले: अनोळखी वस्तू, वाहन, सायकल. प्रत्येक वेळी तो हिशोब नव्याने सुरू करत होता. गाडीचा मूळचा आपोआप ब्रेक चाचणीसाठी बंद ठेवला होता आणि देखरेखीला बसलेली व्यक्ती फोनकडे पाहत होती. रात्री जगलबेटच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध उभा असलेला गवा या संगणकाच्या लेखी कोण असेल, हा विचार माझ्या मनात त्या वेळी आला. आपल्या ड्रायव्हरला तो दिसण्याआधी कळतो.

नकाशाचेही असेच. नोव्हेंबर २०२४मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ मोबाइलच्या नकाशाने दाखवलेल्या वाटेने गेलेली मोटार अर्धवट पुलावरून रामगंगेच्या पात्रात पडली; तिघे गेले. नकाशा चुकला हे खरे, पण तुटक्या पुलाच्या तोंडाशी कोणी नीट अडसर टाकला नव्हता हेही खरे. नितीन गडकरी यांनी तर ड्रायव्हरांच्या पोटाचे कारण सांगून, चालकाविना गाडी भारतात येऊ देणार नाही, असे अनेकदा जाहीर केले आहे. त्यामुळे तो प्रश्न आपल्या दारात लगेच येत नाही. आपल्या दारात आलेला प्रश्न अर्ध्या शहाण्या गाडीचा आहे, आणि ती चालवणारा पूर्ण शहाणा हवा.

मग आज गाडी घ्यायला निघालेल्या घराने काय करावे? एबीएस, एअरबॅगा आणि घसरण रोखणारी व्यवस्था यांवर काटकसर करू नये. ती बंद पडली तरी गाडी चालते. रोज थोडे थोडे आणि हळू फिरणे असेल तर डिझेलपेक्षा पेट्रोल गाडी बरी. गाळणीचा त्रास वाचतो. विक्रेत्याला विचारावे, की युरिया लागतो का, गाडी लंगडी झाली तर किती किलोमीटर चालेल, जवळचे कंपनीचे वर्कशॉप कुठे आहे आणि रस्त्यावर मदत आमच्या गावापर्यंत येते असे लिहून देता का. लिहून देता का, हे शब्द महत्त्वाचे. आणि गावातल्या मिस्त्रीला गाडी घेण्याआधी विचारावे, घेतल्यानंतर नव्हे. आपल्या पोरांपैकी जो आयटीआय करून गॅरेज टाकू पाहतो त्याला पहिले भांडवल स्कॅनरसाठी लागणार आहे, पान्यांच्या पेटीसाठी नाही, हे पतसंस्थांत बसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मंडळाला माझी एक विनंती आहे, आणि ती साहित्याचीच आहे. गाडीबरोबर जाडजूड पुस्तिका येते; ती इंग्रजीत असते आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर न येता गाडीबरोबर विकली जाते. समोरच्या फळीवर मात्र तीस-चाळीस चित्रे पेटू शकतात आणि त्यांचा अर्थ घरातल्या कोणालाही माहीत नसतो. मंडळाने आठ पानांची एक मराठी पुस्तिका काढावी, खिशात मावेल अशी, मिस्त्रींना विचारून, त्यांच्याच शब्दांत. लाल म्हणजे थांबा, पिवळे म्हणजे दाखवून घ्या, एवढे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असावे. पुढे एकेक चित्र. तेलाच्या झारीचे लाल चित्र: इंजिन ताबडतोब बंद करा, उतार असला तरी बाजूला घ्या, ऑइल पाहा, ओढून न्या. पाण्यात बुडालेल्या थर्मामीटरचे लाल चित्र: थांबा, इंजिन बंद करा, पण रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. इंजिनाचे पिवळे चित्र स्थिर असेल तर सावकाश रामनगरपर्यंत जाता येईल. तेच चित्र लुकलुकत असेल तर पाय हलका करा, जिथे जागा मिळेल तिथे उभे राहा, आणि मागून येणाऱ्या जीपला हात दाखवा.